'जरा'चा हिशेब

जुलै २०२४. रिटर्न भरायची मुदत ३१ तारखेला संपणार, माझ्या टेबलावर फायलींचा ढीग, आणि समोर मास्तर. हा शाळेतला मास्तर नव्हे. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो गुणवत्ता विभागात आहे, दिवसभर व्हर्नियर घेऊन सुटे भाग मोजतो. पेटी चांगली वाजवतो म्हणून आम्ही भजनी मंडळातले त्याला मास्तर म्हणतो. माझा धंदा करसल्ल्याचा. गुरुवारी रात्री टाळ.

"दादा, ते ३,६०० रुपये गेले ना?" त्याने विचारलं.

कापलेल्या कराची नोंद दाखवणारा फॉर्म २६एएस उघडून बघितला. पुण्याच्या एका जाहिरात संस्थेने त्याला वर्षभरात ३६,००० रुपये दिले होते आणि १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापून भरला होता. मास्तरला वाटत होतं, हा संगीतावरचा काहीतरी दंड आहे आणि विषय काढला तर आणखी लागेल. आधीची सगळी वर्षं तो आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म भरून मोकळा व्हायचा. पगार, एफडीचं व्याज, संपलं.

"बाकी किती आले?" मी विचारलं.

त्याने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. कारखान्यातली सवय: कुठलं काम, कधी सुरू, कधी बंद, किती मिनिटं, सगळं तारीखवार. पैशांच्या नोंदी मात्र अर्ध्या वहीत, अर्ध्या फोनमधल्या पावत्यांत. त्या रात्री आम्ही दोघांनी वेळ आणि पैसा शेजारी शेजारी मांडला, आणि जे दिसलं त्यावर दोघंही बराच वेळ गप्प बसलो. नोकरी सांभाळून म्युझिक अरेंजिंग करायचं म्हणणारे निदान पाच-सहा जण मला माहीत आहेत, म्हणून ते सगळं इथे उलगडतो. त्याची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आकडे थोडे सपाट केलेत.

काम नेमकं काय

चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, गळा तिसऱ्याचा. मग हा चौथा करतो काय, असं घरचेही विचारतात. गाणं सुरू व्हायच्या आधी काय वाजेल, मुखडा आणि अंतऱ्याच्या मध्ये कोणतं म्युझिक येईल, कुठे तबला उतरेल, कुठे नुसता तानपुरा राहील, ओळ संपल्यावर उरलेल्या जागेत कोण बोलेल, हे ठरवणारा तो संयोजक. हिंदी चित्रपटसंगीतात हे काम मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या लोकांनी केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकलेली ही माणसं मुंबईत संगीतकाराची गुणगुण कागदावर उतरवून वादकांपुढे ठेवायची. मराठीत अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांची नावं जाणकारांच्या तोंडी असतात. रेकॉर्डच्या कव्हरवर मात्र संयोजकाचं नाव शोधावं लागायचं. मास्तरचीही तीच गत, फक्त त्याच्यापुढे वादकांची रांग नाही. बेडरूममध्ये एक लॅपटॉप, ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड, एक कंडेन्सर माइक आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या आजीच्या दोन गोधड्या.

मे २०२३ मध्ये त्याने हे सामान घेतलं. लॅपटॉप ६२,००० आणि बाकी सगळं मिळून ४८,०००. त्याआधी कारखान्याच्या एचआरला त्याने एक अर्ज दिला होता, ही त्याची हुशारी म्हणा की भित्रेपणा. नेमणूकपत्रात 'पूर्वपरवानगीशिवाय अन्य नोकरी किंवा व्यवसाय करणार नाही' अशी ओळ होती. एचआरच्या बाईंनी आधी त्याला १९४८ चा कारखाने कायदा ऐकवला. पण त्या कायद्यातली दुहेरी नोकरीची मनाई एकाच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करण्याबद्दल होती, घरी बसून पेटी वाजवण्याबद्दल नव्हे. सात आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र मिळालं: ड्यूटीच्या वेळेत नाही, कंपनीचं साहित्य वापरून नाही, बाकी हरकत नाही. ते पत्र त्याने लॅमिनेट करून ठेवलंय. सरकारी नोकरीत असता तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये डोकं घालावं लागलं असतं. तिथे अधूनमधून केलेल्या कलाविषयक कामाला वाट आहे, पण नेमाने चालणारा धंदा म्हटला की आधी मंजुरी हवी. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक असे कितीतरी जण चांगले वादक असतात. त्यांनी तरी हे कागद आधी बघावेत.

सरांचे सहा अभंग

पहिल्या वर्षातलं सर्वांत मोठं काम होतं एका निवृत्त शिक्षकांचं. ते गातात छान. पंचाहत्तरीच्या आत स्वतःचा अभंगांचा संच काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. एका गाण्याचे ८,००० रुपये, सगळं धरून. 'सगळं धरून' हे शब्द मास्तरच्याच तोंडून गेले, आनंदाच्या भरात. एकूण ४८,०००.

सरांनी पहिला अभंग फोनवर गाऊन पाठवला. पहाटे साडेपाचला, तानपुरा न लावता, मागे दूधवाल्याची घंटा. मास्तरने क्लिक, म्हणजे लय मोजायची टिकटिक, लावून मोजलं. मुखडा मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत होता, शेवटचा अंतरा ९२ ला पोचला होता. सुरुवात पेटीच्या काळी एक पट्टीमध्ये, शेवट जवळजवळ पांढरी दोनमध्ये. बैठकीत गाताना हे खपतं, तबलजी सांभाळून घेतो, आणि खरं सांगायचं तर त्या वाढत्या लयीतच भजनाची मजा असते. ट्रॅक बांधायचा तर मात्र एक लय ठरवावीच लागते. त्याने ८४ ठरवली. सर म्हणाले, "जरा संथ वाटतंय." ८८ केली. "आता जरा पळतंय." शेवटी ८४ लाच आलं, आणि लय बदलली की थेट वाजवलेलं सगळं पुन्हा वाजवावं लागतं, हे सरांच्या गावीही नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

एक जागा इथे सविस्तर सांगतो. भजनी ठेका आठ मात्रांचा. सरांची धृपदाची ओळ पाचव्या मात्रेवर संपते आणि पुढची समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, उठते. मध्ये तीन मात्रा रिकाम्या. ८४ च्या लयीत तीन मात्रा म्हणजे दोन सेकंदांहून थोडं जास्त. या दोन सेकंदांत मास्तरने आधी बासरी ठेवली. पुण्याच्या बासरीवादकाला एका गाण्याचे अडीच हजार देऊन, ओळीच्या शेवटच्या सुरावरून खाली उतरणारी छोटीशी जागा वाजवून घेतली. सर म्हणाले, "बासरी जरा मागे घे." आवाज कमी केला. "आता जरा पोकळ वाटतंय." मग स्वरमंडळ. "जरा सिनेमातल्यासारखं होतंय." मग मास्तरने स्वतः पेटी वाजवली, ओळीचे शेवटचे चार सूर, मंडळात वाजवतो तसे. "हं, पण जरा भरल्यासारखं होतंय, नाही का?" मग तिथे नुसता टाळ ठेवला.

टाळाचीही एक गंमत. बाजारात मिळणाऱ्या आवाजांच्या संग्रहात 'इंडियन सिंबल' नावाचं काहीतरी असतं, ते मंदिरातल्या झांजेसारखं वाजतं. वारकरी टाळ जाड, त्याचा आवाज आधी बसतो मग लांबतो. म्हणून एका गुरुवारी भजन आटोपल्यावर देवळाची दारं लावून आमच्या तिघांचे टाळ त्याने वेगवेगळे रेकॉर्ड केले, उघडे, दाबलेले, हळू, जोरात. रात्री साडेबारापर्यंत. त्या संचात वाजतात ते टाळ आमचे आहेत. मी त्याचं बिल लावलेलं नाही.

तर त्या दोन सेकंदांवर एकूण साडेसहा तास गेले. वहीत लिहिलंय. शेवटी सरांनी निवडली ती पहिली बासरी, पहिल्या आवाजात. "हेच तर मी म्हणत होतो," असं म्हणाले. खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

मी नंतर त्या दोघांचं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं वाचलं. 'जरा' हा शब्द असलेले सरांचे निरोप मोजले: ४१. आवाजी निरोप वेगळे. वाक्यात सगळ्यात छोटा शब्द 'जरा'. वहीत मात्र एका 'जरा'ला सरासरी दोन-अडीच तास. त्यात शिफ्ट. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी काम होतं, पण तेव्हा शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या असतात. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात दिवसा झोपायचं की वाजवायचं, हा प्रश्न. दुसऱ्या शिफ्टचा आठवडा त्यातल्या त्यात बरा, सकाळी दहा ते एक घर रिकामं असतं. म्हणजे महिन्यातले धड कामाचे दिवस आठ-नऊ. हे गणित कुठल्याच ऑनलाइन कोर्सवाल्याने त्याला सांगितलं नव्हतं.

वही काय सांगत होती

२०२३-२४ चं वर्ष असं होतं. सरांच्या संचाचे ४८,००० आले. त्यातून तबला-पखवाजाचे ९,०००, तीन गाण्यांच्या बासरीचे ७,५००, गायनाच्या रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओचे ४,०००, मिक्सिंग दुसऱ्याकडून करून घेतलं त्याचे ९,०००. उरले १८,५००. वेळ १७२ तास. ताशी १०८ रुपये.

शाळांच्या स्नेहसंमेलनांचे ११ ट्रॅक, प्रत्येकी २,०००, एकूण २२,०००. बाहेरचा खर्च शून्य, ५५ तास. ताशी ४००.

पट्टीबदल, काटछाट, दोन गाणी जोडून एक करणं अशी फुटकळ कामं ६४. प्रत्येकी ३०० प्रमाणे १९,२००, वेळ ३२ तास. ताशी ६००. ज्या कामाबद्दल तो आम्हाला कधी बोललाही नव्हता, लाज वाटायची म्हणून, ते सगळ्यात जास्त पैसे देत होतं.

जाहिरात संस्थेचं काम चार छोट्या पार्श्वसंगीताचं, ३६,०००, साठ तास. तिथेही ताशी ६०० च, पण ते ओळखीतून एकदाच आलं, पुन्हा फिरकलं नाही. नोटेशन लिहून देण्याचे ५,०००, वीस तास. आणि एका गणेश मंडळाचं गाणं: ठरले १०,०००, आगाऊ मिळाले ३,०००, ढोलकी आणि ताशेवाल्याला मास्तरने खिशातून दिले ३,५००. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, गाणं १७ ला रात्री त्यांच्या हातात दिलं. उरलेले सात हजार अजून यायचेत. अध्यक्ष बदलले, नवे अध्यक्ष म्हणतात जुन्यांना विचारा. बावीस तास आणि वर पाचशे रुपये घरचे.

एकूण जमा १,३३,२००. आकडा ऐकून मास्तरचा चेहरा खुलला होता. मग आम्ही वजाबाकी केली. वादक, स्टुडिओ, मिक्सिंग मिळून ३३,०००. आवाजांच्या संग्रहांची वर्गणी ७,२००. वीज आणि इंटरनेटचा धंद्यापुरता वाटा ६,०००. लॅपटॉपवर ४० टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते म्हणून त्या वर्षीच्या खर्चात धरायचा किमतीचा वाटा, २४,८००, माइक-कीबोर्डवर १५ टक्के ७,२००. राहिले ५५,०००. तास एकूण ३६१. ताशी १५२ रुपये.

त्याचा पगार ३१,०००. महिन्याचे २६ दिवस, रोजचे आठ तास धरले तर ताशी १४९. म्हणजे रात्री जागून, पाठ मोडून, तीन रुपये जास्त. आणि घसारा हा कागदावरचा खर्च. खात्यातल्या पैशांनी बघितलं तर १,१०,००० चं सामान त्याच वर्षी घेतलेलं, म्हणजे पहिलं वर्ष २३,००० तोट्याचं.

वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी एवढंच ऐकलं. म्हणाल्या, "ओव्हरटाइमला दुप्पट मिळतं ना हो?"

मिळतं. ओव्हरटाइम मागून मिळतोच असं नाही, तो भाग वेगळा. पण प्रश्न बरोबर होता आणि त्याला उत्तर नव्हतं.

कराचं म्हणाल तर ते सगळ्यात सोपं निघालं. पगार आणि हे ५५,००० मिळून, प्रमाणित वजावट जाऊन, उत्पन्न चार लाखांच्या आतच. नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत सवलत होती, म्हणून कर शून्य आणि कापलेले ३,६०० परत. मात्र धंद्याचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ चालत नाही. काही जण अशा वेळी तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या ४४एडीए कलमाखाली निम्मं उत्पन्न नफा दाखवून हात झटकायचे. ते कलम ठरावीक व्यवसायांसाठी होतं. त्यात चित्रपटाच्या कामातला संगीत दिग्दर्शक यायचा, अभंग आणि स्नेहसंमेलनं करणारा संयोजक बसतो की नाही यावर वाद घालता आला असता. मी वाद टाळला, धंद्याच्या उत्पन्नासाठीचं आयटीआर-३ भरलं आणि खरा खर्च दाखवला. वही होतीच. आणखी एक गोष्ट पगारदार माणसाच्या ध्यानात येत नाही: नुसता पगार असेल तर जुनी की नवी करप्रणाली हे दर वर्षी निवडता येतं. धंद्याचं उत्पन्न जोडलं गेलं की जुन्यात जायला वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि तिथून नव्यात परतायची मुभा एकदाच. गृहकर्जवाल्यांनी हे आधी पाहावं. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीवर. मास्तर तिथे पोचेल तेव्हा मी पेढे वाटीन.

शब्द तुकोबांचे, चाल कुणाची?

हिशेब लागला त्याच महिन्यात सरांचा फोन आला. १७ जुलैच्या आषाढीला त्यांनी सहाही अभंग यूट्यूबवर टाकले होते आणि दोन अभंगांवर कॉपीराइटचा दावा आला होता. सर दुखावले होते. "अरे, तुकोबांच्या अभंगावर कोण हक्क सांगतो?"

शब्दांवर कुणीच नाही. पण सहांपैकी चार चाली सरांच्या होत्या, दोन रेडिओवर ऐकत आलेल्या प्रसिद्ध चाली होत्या. भजनी मंडळात आपण त्या चाली इतक्या वेळा म्हणतो की त्या कुणीतरी बांधल्यात हेच विसरतो. कायद्याने चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. त्यांनी बांधलेली चाल २०७१ संपेपर्यंत मोकळी होत नाही, शब्द भले सतराव्या शतकातले असोत. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराची जी व्याख्या आहे तिच्यात संगीतरचनेचं संयोजन स्पष्ट शब्दांत येतं. म्हणजे मास्तर जे करतो त्यालाच, चाल दुसऱ्याची असेल तर, चालीच्या हक्कदाराची परवानगी लागते.

"तू सांगायला हवं होतंस," सर मास्तरला म्हणाले. मला ते थोडं अन्यायाचं वाटलं. पण कामाचे पैसे घेणाऱ्याला धंद्याचे नियम माहीत असावेत, ही अपेक्षा अगदीच चुकीची नाही. व्हर्नियरने मोजलेला भाग बाद निघाला तर दोष मोजणाऱ्याकडे येतोच की. शेवटी ते दोन अभंग सरांनी उतरवले. ताशी १०८ रुपयांच्या कामातला तिसरा हिस्सा असा कपाटात गेला.

फुटकळ पट्टीबदलाच्या कामांतही हा प्रश्न आहेच, हे मी मास्तरला सांगितलंय. शाळेत विद्यार्थी, पालक, शिक्षक यांच्यापुढे गाणं सादर करायला कायद्यात सूट आहे. त्यासाठी कुणी पैसे घेऊन ट्रॅक तयार करून देणं त्या सुटीत आपोआप बसत नाही. त्याने दुसऱ्यांचे कराओके ट्रॅक घेऊन बदलणं आता बंद केलं. शाळांना तो हल्ली म्हणतो, पारंपरिक गाणं घ्या, नाहीतर तुमच्या संगीत शिक्षकांची चाल द्या. काही शाळा ऐकतात. बाकीच्या दुसरीकडे जातात.

दुसरं वर्ष

ऑगस्ट २०२४ पासून मास्तर काम घेण्याआधी एकच निरोप पाठवतो. मी लिहून देतो म्हणालो होतो, त्याने नको म्हटलं. त्याच्या भाषेतला असा:

"नमस्कार. चाल कुणाची ते आधी कळवा. दुसऱ्याची असल्यास परवानगी तुमच्याकडे. पट्टी आणि लय तुम्ही ठरवा, मी तानपुरा आणि ठेका पाठवतो, त्यावर गाऊन पाठवा. ते पक्कं झालं की मग बदलणार नाही. निम्मे पैसे आधी, निम्मे शेवटची फाइल घेताना. दोन दुरुस्त्या धरलेल्या आहेत, पुढच्या प्रत्येकीचे ५०० रुपये. एका वेळी सांगाल त्या सगळ्या मिळून एक दुरुस्ती. वादक आणि मिक्सिंगचे पैसे वेगळे. फोन संध्याकाळी ६ ते ८."

या निरोपात सगळ्यात मोलाची ओळ कोणती, यावर आमचं एकमत नाही. मास्तर म्हणतो आगाऊ रकमेची. मला वाटतं, तानपुरा आणि ठेका पाठवण्याची. कारण गायक एकदा ठरलेल्या लयीत गाऊन बसला की त्याचे निम्मे 'जरा' तिथेच विरतात. त्याला स्वतःला ऐकू येतं की पळतोय कोण. आणि नमुन्याच्या फाइलमध्ये दर वीस सेकंदांनी त्याची धाकटी मुलगी 'नमुना' असं म्हणते. ती फाइल मंडपात लावायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

निरोप गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत पाच कामं परत गेली. एक कीर्तनकार चिडले, "हे काय, वकिलाची नोटीस पाठवतोस?" मास्तर डळमळला होता. त्या गुरुवारी भजनात त्याची पेटी दोनदा चुकली.

मग डिसेंबरचा हंगाम आला. शाळांचे १४ ट्रॅक, दर २,८००, म्हणजे ३९,२००. इथे त्याने एक युक्ती शोधली. शाळेतल्या बाईंनी पाठवलेलं गाणं बहुतेक वेळा पुरुषाच्या आवाजात, काळी एकमध्ये. मुलींना हवं काळी तीनमध्ये, म्हणजे पाच पट्ट्या वर. तयार ट्रॅक तेवढा वर सरकवला तर ढोलकी डबा वाजवल्यासारखी होते आणि व्हायोलिन खेळण्यातलं. म्हणून तो सुरावट आणि ठेका वेगळा बांधून ठेवतो. सुरांची पट्टी हलवायची, ढोलकीचा ठेका तोच ठेवून ढोलकी फक्त नव्या पट्टीला लावलेली घ्यायची. एकदा बांधलेला सांगाडा पुढच्या शाळेला पुन्हा कामी येतो. साडेचार तासांत एक ट्रॅक. फुटकळ कामं ९०, दर ३५०, एकूण ३१,५००. यात आता लोकांचे स्वतःचे रेकॉर्डिंग साफ करणं, भरतनाट्यमच्या ताईंना त्यांच्याच गायिकेचं गाणं कापून-जोडून देणं असली कामं जास्त. परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवासाठी आरत्यांचा ट्रॅक, १२,०००. त्यांची संध्याकाळ आणि मास्तरचा तिसऱ्या शिफ्टच्या आधीचा वेळ जुळायचा नाही, म्हणून सगळं बोलणं लिहून झालं, आणि लिहून झालं म्हणून एकाच दुरुस्तीत संपलं. पूर्ण गाणी वर्षात फक्त तीन, प्रत्येकी १५,०००, त्यातले साडेचार हजार वादकांचे.

जमा १,२७,७००. मागच्या वर्षीपेक्षा साडेपाच हजार कमी. वादकांचे १३,५०० आणि घसाऱ्यासकट बाकीचा खर्च ३४,२०० वजा जाता राहिले ८०,०००. तास ३६१ वरून २२४. ताशी ३५७ रुपये. यंदा वहिनींच्या प्रश्नाला उत्तर होतं, ओव्हरटाइमपेक्षा थोडं वरचं. सामानही त्या वर्षी काही घेतलं नाही. मास्तरला नवीन माइक हवा होता, मी मांडीवर टाळ ठेवून नाही म्हणालो.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. ज्या पूर्ण गाण्यांसाठी त्याने हे सगळं आरंभलं, त्यांचा आकडा सहावरून तीनवर आला. 'नमुना' म्हणणाऱ्या मुलीचा आवाज ऐकत ढोलकीचे सांगाडे हलवणं हे संयोजन आहे का, असं त्याने एकदा मला विचारलं. मी कर सल्लागार. मी म्हणालो, पावतीवर संयोजनच लिही.

जून २०२५ मध्ये, ६ जुलैच्या आषाढीच्या तोंडावर, सर पुन्हा आले. सातवा अभंग, चाल स्वतःची, हे त्यांनी दारातच सांगितलं. निरोप त्यांना आधीच गेला होता. चष्मा लावून त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, "दोन दुरुस्त्या म्हणजे दोन 'जरा', की दोन वेळा?"

"दोन वेळा, सर. एका वेळी कितीही 'जरा' चालतील."

साडेसात हजार त्यांनी तिथेच ठेवले. चार दिवसांनी ठेक्यावर गाऊन पाठवलं, दूधवाला यायच्या आधी, लयीत, पट्टीत. त्या गाण्यातही ओळीच्या शेवटी तीन मात्रा रिकाम्या आहेत. मास्तरने तिथे पेटी वाजवली. सरांनी पहिली दुरुस्ती वापरून ती काढायला लावली आणि जागा तशीच मोकळी ठेवली. अभंग आषाढीला लागला. दुसरी दुरुस्ती अजून शिल्लक आहे, आणि ती कधी वापरणार हे सर सांगत नाहीत.